सव्वा तासाचा निरोप

मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे तळी नोव्हेंबरात गोठतात आणि एप्रिलपर्यंत कुणी त्यांच्याकडून पाण्याची अपेक्षा करत नाही, त्या टापूत आर्लिस टॉलेफसन घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढायची. वय एकसष्ट, अंगाने दणकट, आवाज पुरुषी म्हणावा असा, आणि हात मात्र कमालीचा हलका. गावातल्या छोट्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं काढली. मग वरच्या लोकांनी ती प्रयोगशाळाच बंद केली. तपासायचं ते सगळं शहरात पाठवा म्हणाले. आर्लिसने दोन आठवडे घरात बसून पाहिलं, तिसऱ्या आठवड्यात तिला भिंती खायला उठल्या, आणि तिने आपल्या जुन्या गाडीत सुया-नळ्यांचा संसार भरून कंत्राटावर तेच काम पुन्हा सुरू केलं.

तिच्या काही सवयी होत्या. रक्त काढायच्या आधी ती दोन्ही हात कॉफीच्या गरम मगाभोवती धरून बसायची, कारण म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला गार बोटं लावणं तिला अपमानास्पद वाटे. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असली थाप ती कधी मारत नसे. सुई आहे, टोचणार, असं सरळ सांगे. आणि एक गोष्ट तिला आयुष्यभर सलत आली होती. ती ज्यांचं रक्त काढी त्यांचं पुढे काय झालं हे तिला कुणी सांगत नसे. निकाल डॉक्टरकडे जायचा, पेशंटकडे जायचा, आर्लिसकडे फक्त पुढचा पत्ता यायचा. विचारायची मुभा नव्हती, आणि मुभा असती तरी या भागात कुणी विचारलं नसतं. इथली माणसं शेजारच्याचं छप्पर उडालं तरी आधी हवेबद्दल बोलतात.

डेलमार स्कोगस्टाड हा तिच्या यादीतला तिचा आवडता माणूस. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, आर्लिसची दोन्ही मुलं त्याच्याच बसमधून शाळेत गेली. निवृत्तीनंतर तो लाकडाचे मासे करी. शोभेचे नव्हेत, कामाचे. हिवाळ्यात इथले लोक बर्फावर अंधारी खोपटी टाकून बसतात, बर्फाला भोक पाडून लाकडाचा मासा दोरीने पाण्यात सोडतात, आणि त्याला बघून मोठा मासा आला की भाला मारतात. डेलमारचा मासा दोरीला नुसता हिसका दिला की जिवंत असल्यासारखा गिरकी घेई. त्याचं कारण पोटात ओतलेल्या शिशाचा तोल. तो तोल डेलमार न्हाणीघरातल्या टबात तपासायचा, त्यामुळे त्याची बायको मेव्हिस हिला डिसेंबर ते मार्च टबात आंघोळ म्हणून मिळालेली नव्हती, आणि हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

मागच्या जूनमध्ये डेलमारच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ कापून काढली. जुलैमध्ये आर्लिस त्याच्या घरी एक वेगळाच डबा घेऊन आली. मेव्हिसने विचारलं, हे कसलं नवीन. आर्लिसने तिला समजेल असं सांगितलं. कापलेली गाठ लांबच्या प्रयोगशाळेत गेली होती. तिथे तिचा डीएनए वाचून त्यांनी सोळा खुणा निवडल्या होत्या, ज्या फक्त त्या गाठीत होत्या, डेलमारच्या बाकी अंगात कुठेही नव्हत्या. आता दर तीन महिन्यांनी त्याचं रक्त पाठवायचं आणि त्यात त्या सोळा खुणाच शोधायच्या. गाठीचा एखादा कण कुठे दडून बसला असेल, तर तो स्कॅनमध्ये दिसायच्या आधी त्याचे तुकडे रक्तात सापडतात. दुसऱ्या कुणाच्या गाठीला ही तपासणी चालत नाही, ती एकट्या डेलमारची.

“म्हणजे चोराच्या नावानिशी वॉरंट काढलंय,” मेव्हिस म्हणाली.

डेलमारला वेगळंच वाटलं. बसचे ब्रेक बदलून द्यायला शाळेने सहा वर्षं लावली, आणि माझ्या एका गाठीमागे एवढी माणसं लावलीत, असं तो बाही वर करता करता म्हणाला.

जुलैचं रक्त स्वच्छ निघालं, ऑक्टोबरचंही. हे आर्लिसला कळलं ते मेव्हिस वाणसामानाच्या दुकानात भेटली आणि मोठ्याने म्हणाली, “आमच्याकडे ठीक आहे,” म्हणून. या भागात ‘ठीक आहे’ म्हणजे पेढे वाटण्याची बातमी.

मग जानेवारीत स्कॅनमध्ये डेलमारच्या यकृतावर एक डाग दिसला. गव्हाच्या दाण्याएवढा. सुई घालून तुकडा काढावा तर फार लहान, सोडून द्यावा तर झोप लागू नये. डुलुथ शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. रक्ताचा निकाल स्वच्छ आला तर आपण थांबू आणि त्या डागावर नजर ठेवू. रक्तात काही सापडलं, किंवा निकालच वेळेत आला नाही, तर मी धोका घेणार नाही, दोन फेब्रुवारीला केमोचं औषध सुरू. त्या दिवसाची सलाइनची खुर्चीही त्यांनी डेलमारच्या नावे धरून ठेवली.

डेलमारला औषधाची भीती नव्हती, ओकाऱ्यांचीही नव्हती. पण हे विशिष्ट औषध बोटं बधिर करतं आणि गार वस्तूला हात लागला की विजेचा झटका बसतो, हे त्याला नर्सने सांगितलं होतं. काहींची बोटं नंतर सुधारतात, काहींची नाही. शून्याच्या खाली तीस जाणाऱ्या मुलखात ज्याला गार पातं, गार शिसं आणि गार पाणी हाताळायचं, त्याने काय करावं? डेलमार याविषयी एकच वाक्य बोलला. मेव्हिसला आता टब मिळेल, म्हणाला. मेव्हिस यावर हसली नाही.

सोळा जानेवारी, शुक्रवार. आर्लिस दुपारी एकला स्कोगस्टाडांकडे पोचली. रक्त छान आलं. दोन नळ्या भरल्या, प्रत्येक नळी हळूच दहा वेळा उलटीसुलटी केली, डब्यात बसवल्या. कुरियरची खिडकी तीस मैलांवर, साडेचारला बंद. वेळ भरपूर होता. या नळ्यांना फ्रीज चालत नाही आणि गोठलेलं तर अजिबात चालत नाही, म्हणून तिने डबा चालू गाडीत, हीटरच्या झोतासमोर पुढच्या सीटवर ठेवला आणि आपली बॅग घ्यायला परत घरात आली.

इथेच घात झाला. बाहेरच्यांना वाटेल की बॅग उचलायला किती वेळ लागतो. पण मिनेसोटात निरोप घेणं ही काही क्रिया नाही, तो एक मुक्काम आहे. आधी मांडीवर थाप मारून ‘चला, निघायला हवं’ म्हणायचं. मग बसूनच राहायचं. मग उठून खुर्चीमागे उभं राहून बोलायचं, मग कोट घालून, मग दाराच्या मुठीवर हात ठेवून. मधेच कुणी सुटू लागला तर यजमान खाण्याचं काढतो. मेव्हिसने नुकत्याच भाजलेल्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे काढला. आर्लिसने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा घेतली. वडीबरोबर कॉफी आली. कॉफीबरोबर मेव्हिसच्या बहिणीचा गुडघा आला. मधे डेलमार लाकडं आणायला म्हणून बाहेर जाऊन आला. आर्लिसला कोट घातल्याचं आठवतं, आणि त्यानंतरही अर्धा तास ती दारात उभी होती.

सव्वा तासाने बाहेर आली तर गाडी बंद. गाडीच्या नाकातून निघालेली वायर अंगणातल्या खांबाला नीट लावलेली.

“फुकट पेट्रोल कशाला जाळायचं,” डेलमार पायरीवरून म्हणाला. “वायर लावलीय तुझी. इंजिन गरम राहील.”

अशी विजेची वायर या भागात प्रत्येक गाडीला असते, आणि पाहुण्याची वायर लावून देणं हा थोर पाहुणचार समजतात. वायरीने इंजिन गरम राहतं. सीट राहत नाही. आर्लिसने तरी डेलमारचे आभार मानले, हात हलवला, आणि अर्ध्या मैलावरच्या पेट्रोलपंपाशी गाडी थांबवून डबा उघडला. नळी उजेडात धरली. आत कुस्करलेल्या बर्फासारखं लालभडक काहीतरी होतं. मागच्या सीटवर एक कोरा डबा होता, तोही काढून पाहिला. त्याच्या नळ्यांतलं रक्त टिकवायचं औषधही गोठलेलं.

ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली. हीटर चालू होता. डोळ्यांदेखत नळीतलं बर्फ वितळायला लागलं. अजून तीस मैल गेलं की ते पुन्हा साधं रक्त दिसलं असतं. कुरियरवाल्याला कळलं नसतं. प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षात आलं असतं, नसतं, कोण सांगणार. एकतीस वर्षांत आर्लिसने बिघडलेला नमुना चांगला म्हणून कधी पुढे पाठवला नव्हता, पण एकतीस वर्षांत तिच्या हातून असा नमुना बिघडलाही नव्हता. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणसाला फार सोयीस्कर विचार सुचतात. तेही तिला सुचले.

शेवटी तिने गाडी वळवली.

स्कोगस्टाडांच्या स्वयंपाकघरात वड्यांचा ट्रे अजून टेबलावरच होता. आर्लिस बसली नाही. “रक्त गोठलं,” ती म्हणाली. “डबा गाडीत ठेवून मी इथे गप्पा मारत बसले. चूक माझी आहे. नवा डबा मागवते, पण सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारच्या आधी येत नाही.”

डेलमारने खिडकीतून बाहेर अंगणातल्या खांबाकडे पाहिलं. गाडी कुणी बंद केली हे आर्लिसने काढलं नाही. मेव्हिसने मात्र विचारलं, “तसंच पाठवलं असतं तर?”

“गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात. त्यांचाच डीएनए इतका होतो की गाठीचा एखादा तुकडा असला तरी त्यात बुडून जातो. कदाचित ‘काही सापडलं नाही’ असं लिहून आलं असतं, आणि त्या कागदावर विसंबून तुम्ही निवांत बसला असता.”

“मग सांगितलंस ते बरं केलंस,” डेलमार म्हणाला. बस, एवढंच.

मंगळवारी सकाळी आर्लिस नवा डबा घेऊन पोचली तेव्हा तिने दार ठोठावायच्या आधीच ते उघडलं. डेलमार बाही वर करूनच उभा होता. कॉफीचा वास नव्हता. मेव्हिस घरात नव्हती. आर्लिसचे हात गरम करायला मग नव्हता, म्हणून तिने ते नळाच्या कोमट पाण्याखाली धरले. रक्त काढलं, नळ्या दहा-दहा वेळा फिरवल्या, डबा बंद केला. तोवर डेलमारने तिचा कोट धरला होता, बाह्या पसरून, लहान मुलाला घालतात तसा.

“निघ,” तो म्हणाला.

“कागदावर सही राहिली...”

“केलीय. निघ, आर्लिस.”

अंगणात तिची गाडी धडधडत होती, आणि चालकाच्या जागेवर मेव्हिस बसली होती. जाड कोट, डोक्यावर डेलमारची टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गेली बारा वर्षं मेव्हिसने बर्फात गाडी चालवलेली नव्हती आणि आताही ती चालवत नव्हती, नुसती राखण करत होती. ती उतरली, दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, “जा.” आर्लिस डबा कोटाच्या आत छातीशी धरून निघाली. आरशात पाहिलं तर दोघंही घरात निघून गेली होती. कुणी हातसुद्धा हलवला नाही.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात आर्लिसला कुणी असं घराबाहेर काढलं नव्हतं. या मुलखात विमा विकणाऱ्यालासुद्धा दारात दहा मिनिटं मिळतात. ती समजून चुकली की तिच्यावर ते भयंकर रागावले आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. हमरस्त्याच्या चौकात तिचे डोळे इतके भरून आले की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हाही इंजिन चालू ठेवलं होतं तिने. कुरियरच्या खिडकीवर डबा देताना तिने तो पावती देणाऱ्या बाईच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. बाई जरा चमकली.

मग वाट पाहणं. निकालाला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे जेमतेम. आर्लिसने बुधवार मोजला, गुरुवार मोजला, पुढचा आठवडा मोजला. इतर घरी जात होती, रक्त काढत होती, पण कुठे कॉफीला थांबली नाही. लोक म्हणायला लागले, आर्लिसला बरं नाही, वाटतं. अठ्ठावीस तारीख गेली, एकोणतीस गेली. तीसला शुक्रवार होता, आणि सोमवारी दोन तारीख. निकाल आला असेल, की नाही, की आला आणि वाईट आला, हे तिला कुणी सांगणार नव्हतं. डेलमारला यापुढे टबात मासे सोडता आले नाहीत तर ते आपल्या एका लिंबाच्या वडीपायी, हा विचार तिच्या मनातून जाईना.

शनिवारी सकाळी साडेदहाला स्कोगस्टाडांचा पिकअप तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. डेलमार आणि मेव्हिस, दोघंही. डेलमारच्या हातात जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आर्लिसने दार उघडलं, कॉफी टाकली, आणि तिघं बसली. डेलमारने बर्फ काढणाऱ्या पालिकेच्या गाडीला नावं ठेवली. मग शेजाऱ्याच्या घर तापवायच्या भट्टीचा विषय झाला. मग यंदा बर्फ किती इंच जाड आहे हा. आर्लिस मान डोलावत होती, भरलेल्या कपांत पुन्हा कॉफी ओतत होती. विचारायची पद्धत नाही म्हणजे नाही.

वीस मिनिटांनी मेव्हिसचाच संयम सुटला. “अरे सांग की तिला. बाई पांढरी पडलीय. नाहीतर मी सांगते.”

“सांगतोय,” डेलमार म्हणाला. “काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सोळापैकी एकही नाही. शून्य. खुर्ची दुसऱ्या कुणाला देते म्हणाल्या. डाग काय, एप्रिलमध्ये परत बघू.” मग म्हणाला, “वाईट बातमी म्हणता येणार नाही.”

आर्लिस रडली. व्यवस्थित, आवाज करून, टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि आपल्याला इतकं हलकं शेवटचं कधी वाटलं होतं हे तिला आठवेना. मेव्हिसने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि या भागातल्या माणसाला दुसऱ्याच्या रडण्याची जितकी लाज वाटते तितकी वाटून घेत डेलमार छताकडे बघत बसला. मग त्याने तो शर्ट तिच्यापुढे सरकवला. आत लाकडाचा मासा होता. वीतभर लांब पाईक, इथल्या तळ्यांतला शिकारी मासा, पत्र्याचे पर, हिरवी पाठ, ताजा रंग.

आर्लिसने डोळे पुसून तो उलटसुलट पाहिला. “डेलमार, पाईकच्या अंगावर ठिपके असतात. तुम्ही काढायचे विसरलात.”

“शोधले,” डेलमार म्हणाला. “सापडले नाहीत.”

त्यावर मात्र तिघंही हसली, मेव्हिस सगळ्यात जास्त. हा मासा काल रात्रभर माझ्याच टबात पोहत होता, ती म्हणाली, आणि खरं सांगू का, मला त्याचा काही राग आला नाही.

सव्वाअकराला डेलमारने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, चला, निघायला हवं. पाऊण तासाने तो कोट घालून दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होता, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, “त्या दिवशी गाडी मी बंद केली होती.”

“माहीत आहे. वायर काय आपोआप लागते?”

“मग बोलली का नाहीस तेव्हा?”

“तुम्ही माझ्या इंजिनाची काळजी घेतलीत. डब्याची काळजी घेणं माझं काम होतं.”

डेलमार बुटांकडे बघत म्हणाला, “दुसऱ्या वेळी तुला हाकलून दिलं. वाईट वाटलं असेल.”

“चौकात गाडी थांबवून रडले.”

“मी हिला म्हटलं होतं, हात तरी हलवू,” मेव्हिस मागून म्हणाली. “तर हा म्हणतो, हात हलवलास की ती काच खाली करणार, आणि काच खाली केली की संपलं.”

हे अगदी खरं होतं. मेव्हिसने मग बहिणीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते सांगायला घेतलं, डेलमारने मुठीवरचा हात काढला, आणि कोट अंगात ठेवूनच दोघं परत बसली. बाहेर अंगणात त्यांचा पिकअप बंद उभा होता, वायर न लावलेला, काचांवर हिम धरत चाललेलं. कुणी उठून बघितलं नाही. आज गाडीत गोठण्यासारखं काही नव्हतं. आर्लिसने दुसऱ्यांदा कॉफी टाकली.